पंचेचाळीस मिनिटं

आमच्या बस डेपोत एक नियम होता आणि तो मी केलेला होता. गाडी बाहेर काढायच्या आधी पंचेचाळीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. पहिली गाडी पावणेसहाला सुटते, म्हणून पहाटे बरोबर पाचला इंजिनं सुरू व्हायची. शेवटची गाडी साडेसहाला सुटते, पण तीही पाचलाच सुरू, कारण कोण वेगळं घड्याळ बघत बसणार! साहेब बदलले, गाड्या बदलल्या, गणवेशाचा रंगसुद्धा दोनदा बदलला, पण पाच वाजले की चाळीस किल्ल्या एकदम फिरायच्या. एखाद्या नव्या ड्रायव्हरने 'एवढा वेळ कशाला?' असं विचारलंच, तर बाकीचे म्हणायचे, 'जा, मिस्त्रींना विचार.' आणि मला विचारायची कुणाची टाप नव्हती.

मिस्त्री म्हणजे मी. तेहेतीस वर्षं याच आवारात गाड्यांखाली पाठ टेकून काढली. माझं डोकं तापट आहे, हे मी नाकारत नाही. मी एकाला पान्हा फेकून मारला असं लोक सांगतात, ते मात्र खोटं आहे. पान्हा फेकला होता, लागला नव्हता.

नियमामागचं कारण सांगतो. बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन सुरू झालं की टाकीत हवा भरायला लागते आणि ड्रायव्हरसमोरचा काटा वर चढतो. तो पुरेसा चढला की ब्रेक धरतात, नाहीतर नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमची एक गाडी काटा खाली असतानाच निघाली. पुलाच्या अलीकडे उतार आहे, तिथे ब्रेक लागले नाहीत. ड्रायव्हरने गाडी रस्त्यावरच्या माणसांत न घालता एका भिंतीवर घातली. माणसं वाचली, तो गेला. त्या पाळीला फिटर मी होतो. पुढच्याच आठवड्यात मी तेव्हाच्या साहेबांकडे जाऊन पंचेचाळीस मिनिटांचा नियम लिहून घेतला.

त्या ड्रायव्हरचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आज तो आमच्याच डेपोत गाडी चालवतो. दिवसाला मोजून दहा शब्द बोलतो, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणतात. तो कामाला लागला तेव्हा पहिल्या दिवशी मीच त्याच्या शेजारी बसून सांगितलं, 'आधी घड्याळ बघ, मग काटा बघ, मगच गियर टाक.' तेव्हापासून घुम्या पाचला पाच मिनिटं कमी असतानाच किल्ली फिरवतो. मला वडिलांच्या जागी मानतो, असं त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली होती. ते ऐकून मी त्या दिवशी जेवलो नव्हतो.

राहायला आम्ही डेपोच्या मागच्या क्वार्टर्समध्ये. सकाळी गाड्या पटकन बाहेर पडाव्यात म्हणून तोंड फाटकाकडे करून उभ्या असतात. म्हणजे शेपटं आमच्याकडे. मध्ये एक भिंत, भिंतीला लागून बोळ, बोळाला लागून आमची खिडकी. कुणी पाहुणा मुक्कामाला आला की पाचला दचकून उठून बसायचा. आम्हाला काही वाटायचं नाही. हिला सकाळी खोकला यायचा, तो वीस वर्षं येत होता, आणि वीस वर्षं मी तिला सांगत होतो, 'तेल एवढं तापवत जाऊ नकोस.' पाचला कोण तेल तापवतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग गेल्या वर्षी लेक आमच्याकडे राहायला आली. जावई बोटीवर असतो, आठ-आठ महिने घरी नाही. लेकीला इथल्याच एका शाळेत नोकरी लागली आणि ती चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ही नात म्हणजे तोंडाला टाळं माहीत नसलेला प्राणी. उठल्यापासून झोपेपर्यंत चालू. म्हणून मी तिचं नाव मैना ठेवलं.

"आजोबा, तुझ्या हाताला काळं काय लागलंय? साबण संपला का?"

"हे ग्रीस आहे. हा कमाईचा रंग असतो."

"मग आईच्या हाताला का नाही? ती पण कमावते."

बायको पदराआड हसत होती. लेक लग्न होऊन गेल्यापासून आमच्या घरात दोन माणसं आणि एक रेडिओ एवढंच होतं. मैना आली आणि मी संध्याकाळी हात धुऊन सरळ घरी यायला लागलो. आधी मी फाटकाशी तासभर उगाच बसायचो. मला ती पोर फार आवडते. हे मी एरवी तोंडाने म्हणत नाही, म्हणून इथे सांगून टाकतो.

तिसऱ्या आठवड्यात तिला खोकला सुरू झाला. मुलांना होतोच, म्हणून पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी ती उठून बसली, मान पुढे काढून श्वास घ्यायला लागली, आणि प्रत्येक श्वासाबरोबर बारीक आवाज यायला लागला. ती घाबरली नव्हती. उलट मला म्हणाली, "आजोबा, माझ्या आत कुणीतरी शिट्टी वाजवतंय." घाबरलो मी. लेकीने तिला उचललं आणि आम्ही तिघं रिक्षाने डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी वाफ दिली, औषध दिलं, आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात कुणी सिगारेट ओढतं का? मी म्हटलं, आमच्या सात पिढ्यांत कुणी ओढली नाही. डासांची कॉइल? ती लावतो. घराजवळ काही जळतं का? मी म्हटलं, सफाईवाल्या बाई कोपऱ्यात पाला आणि कागद जाळतात. त्या लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "जो धूर डोळ्यांना दिसतो, तो बराचसा नाकाघशात अडकतो, खोकून बाहेर तरी पडतो. त्यातला जो बारीक भाग दिसत नाही, तो छातीच्या तळाशी जाऊन बसतो. मुलांचा श्वास भराभर चालतो, म्हणून ती मोठ्यांपेक्षा जास्त ओढून घेतात. खोकला कधी येतो ते महिनाभर वहीत लिहून ठेवा. तारीख आणि वेळ."

वही लेकीने घातली. मी दुसऱ्या कामाला लागलो. घरी येताच कॉइलचा डबा उचलून कचऱ्यात टाकला आणि मच्छरदाणी आणली. खोकला थांबला नाही. जुन्या गादीतली धूळ असेल म्हणून गादी बदलली. बायकोला केर काढायच्या आधी पाणी शिंपडायला लावलं. आठ दिवस ती निमूट शिंपडत होती, नवव्या दिवशी म्हणाली, "आता मलाच एकदा धुऊन वाळत घाला, म्हणजे संपेल." तरी खोकला होताच.

मग मी सफाईवाल्या बाईंकडे मोर्चा वळवला. कोपऱ्यात त्यांचा ढीग धुमसत होता. मी लांबूनच ओरडायला सुरुवात केली. लाज वाटत नाही का, लहान मुलं राहतात, प्लास्टिकसुद्धा जाळता, वगैरे. बाईंनी झाडू खाली ठेवला, पाण्याची बादली उचलली आणि माझ्यादेखत ढिगावर ओतली. म्हणाल्या, "झालं. उद्यापासून खड्डा काढून पाला पुरते, प्लास्टिक वेगळं देते. चूक होती, मान्य. पण मिस्त्री, माझा हा सूपभर धूर तुम्हाला लांबून दिसला, आणि पहाटेचा चाळीस गाड्यांचा दिसत नाही?"

मी म्हटलं, ते काम आहे. त्या म्हणाल्या, "माझंही कामच होतं." आणि झाडू उचलून निघून गेल्या. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, असं काहीतरी पुटपुटल्या. मला ऐकू यावं इतपत मोठ्याने.

महिना होत आला तेव्हा एका संध्याकाळी लेकीने वही माझ्यासमोर उघडून ठेवली. तिचं अक्षर पहिल्यापासून सुरेख. खाली खाली वेळा लिहिल्या होत्या. पाच दहा. पाच बारा. पाच वीस. पाच दहा. मधल्या दोन तारखांपुढे काहीच नव्हतं.

"या दोन दिवशी काय झालं होतं, बाबा?"

मला आठवत होतं. डिझेलचा टँकर आला नव्हता. दोन दिवस एकही गाडी हलली नव्हती.

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"आणि आईचा खोकला? तोही मी लिहिलाय, दुसऱ्या रंगाने. त्या दोन दिवशी आईही खोकली नाही."

वास्तविक मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात असतं तर मी घुम्या झालो असतो. मी ओरडलो. ब्रेक म्हणजे काय कळतं का तुला, माणसं मरतात, तुम्हाला काय, पुस्तकं वाचून शहाणपण शिकवता, असं सगळं बोललो. ती रडली नाही. माझीच मुलगी आहे. वही मिटत म्हणाली, "पुढच्या महिन्याच्या शेवटी आम्ही सासूबाईंकडे जातो. शाळेला कळवलंय. तिथे नोकरी नाही, पण तिला श्वास तरी घेता येईल. तुमच्या गाड्यांचं तुम्ही बघा."

तिचं सासर म्हणजे दीड दिवसाचा प्रवास. वर्षातून एकदा भेट झाली तर झाली. मी ताटावरून उठलो आणि आवारात जाऊन एका गाडीच्या पायरीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहा समोर ठेवला आणि त्याच्या शेजारी एक चादर. रात्री तिने ती धुतलेली पांढरी चादर ओली करून खिडकीला लावली होती. आता तिच्यावर खिडकीच्या गजांचे पट्टे उमटले होते, आणि पट्ट्यांच्या मधली जागा राखाडी झाली होती, खाली खाली काळी. मी बोट फिरवलं. बोटाला लागलं ते मी आयुष्यभर ओळखत आलोय. गाडीच्या मागच्या नळीत हात घातला की हाताला लागतं तेच.

"एका पहाटेचं आहे," ती म्हणाली. मग तिला खोकला आला. तेलाचं नाव मी काढलं नाही.

"अहो, मला वीस वर्षं झाली. माझं राहू द्या. पण पोरीला जाऊ देऊ नका."

"नियम कसा मोडू? तुला माहितीये ना सगळं?"

"मला माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

तिला एकटीला जे माहीत होतं, ते आता तुम्हालाही सांगतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या गाडीची हवा गळत होती आणि हे मला दोन दिवस आधीपासून ठाऊक होतं. मागच्या डाव्या चाकाजवळ नळीचा जोड होता, त्यातला वॉशर गेला होता. पंधरा मिनिटांचं काम. मी 'उद्या बघू' म्हणत होतो. त्या सकाळी ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, 'काय रे, काटा चढत नाहीये. जाऊ का?' मी दुसऱ्या गाडीखाली होतो, हात अडकले होते, वैतागलो होतो. म्हणालो, 'जा, वाटेत भरेल.'

चौकशीत गळतीचं नाव निघालं नाही. गाडीचा चेंदामेंदा झाला होता, कोण जोड बघणार? 'इंजिन पुरेसा वेळ चालवलं नव्हतं' असं लिहिलं गेलं. मी होकार दिला आणि नियम केला. पंचेचाळीस मिनिटं इंजिन चालवलं की गळकी गाडीसुद्धा कशीबशी भरते. म्हणजे गळती शोधायला नको, वॉशर बदलायला नको, कुणाला काही कळायला नको. लोक मला काळजी घेणारा समजत होते. पुढे नव्या गाड्या आल्या. त्यांत हवा नसली तर चाकं जखडलेलीच राहतात, गाडी जागची हलत नाही. म्हणजे माझ्या नियमाची गरज दहा वर्षांपूर्वीच संपली होती. हेही मला माहीत होतं. तरी मी रोज पाचला घड्याळ बघत होतो.

त्या दिवशी गाड्या रस्त्यावर गेल्यावर मी एका डब्यात साबणाचं पाणी केलं आणि जुना रंगाचा ब्रश घेतला. गळती शोधायची तीच पद्धत आहे. जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. हवा गळत असेल तर फुगे येतात. दुपारपासून डेपोत परत येतील तशा एकेक गाड्या घेतल्या. चाळीसपैकी एकोणतीस गाड्यांना फुगे आले. काहींना तर असे, की मैना बघायला असती तर टाळ्या पिटल्या असत्या.

मी वॉशर बदलले, नळ्या बदलल्या, जोड आवळले. रोज एक, कधी दोन गाड्या. साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतच पुढे सरकले. "म्हणजे इतकी वर्षं एवढं डिझेल आपण उभ्या उभ्या जाळत होतो?" मी म्हटलं, हो. "शिवाय डोळे चुरचुरतात म्हणून पलीकडच्या वस्तीने तीनदा अर्ज दिलाय," ते म्हणाले. "करा तुम्ही. पण ड्रायव्हरांना तुम्हीच समजवा. ते माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात."

साडेतीन आठवड्यांत सगळ्या गाड्या झाल्या. रात्री भरलेली हवा सकाळपर्यंत टाकीत टिकायला लागली. मी घड्याळ लावून बघितलं. किल्ली फिरवल्यापासून काटा जागेवर यायला चार मिनिटं. मी पाच धरली आणि फलकावर सूचना लावली: उद्यापासून निघायच्या आधी फक्त पाच मिनिटं इंजिन चालू ठेवावे. खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी पाचला चाळीस इंजिनं सुरू झाली.

मी आवारात धावलो. एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं. कुणी म्हणालं, मिस्त्री, सवय आहे. कुणी म्हणालं, तुम्हीच तर शिकवलंत. एक जण हसत म्हणाला, "परीक्षा घेताय ना आमची?" सगळे बोलताना घुम्याकडे बघत होते. ज्याचा बाप हवेपायी गेला, तो काय करतो यावर बाकीचे ठरवणार होते. घुम्या गाडीतून उतरला. त्याने फलकावरची माझी सूचना काढून आणली होती. नीट घडी घालून त्याने ती माझ्या हातात दिली.

"तुमच्या नातीला त्रास होतो, म्हणून ना?" तो म्हणाला.

"हो. पण गाड्या मी..."

"इतकी वर्षं पलीकडच्या आमच्या वस्तीतली पोरं खोकतात. माझी दोन्ही खोकतात. तेव्हा नियम होता. आता तुमच्या घरात खोकला आला तर नियम नाही." त्याने एका दमात एवढं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "माझ्या बापाला कुणीतरी असंच घाईत पाठवलं असेल. मी पंचेचाळीस मिनिटं थांबणार."

घरी आलो तेव्हा मैना आईच्या मांडीवर बसून वाफ घेत होती. दोन पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. तिकिटं तीन दिवसांनंतरची होती. मैना वाफेचा मास्क बाजूला करून म्हणाली, "आजोबा, तू पण ये ना आमच्याबरोबर. तुझ्या गाडीने जाऊ." मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "त्याला सांगा आता."

"तो मला जन्मभर माफ करणार नाही."

"नाही करणार," ती म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही, हे मला आजही बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच मी आवारात उभा राहिलो. ड्रायव्हर एकेक करून आले. मी सगळ्यांना म्हणालो, "किल्ली फिरवायच्या आधी पाच मिनिटं माझं ऐका. मग हवं ते करा." इतक्या वर्षांत पाच वाजता त्या आवारात माणसांचा आवाज ऐकू येण्याइतकी शांतता मी पहिल्यांदाच अनुभवली. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी नळाचं पाणी पडत होतं, तेही ऐकू येत होतं.

मी सांगितलं. कुठला जोड, कुठला वॉशर, किती दिवस आधीपासून ठाऊक होतं. चौकशीत मी काय लपवलं ते सांगितलं. नियम कशासाठी केला ते सांगितलं. "हा नियम तुमच्या जिवासाठी नव्हता," मी म्हणालो. "माझी चूक झाकण्यासाठी होता. त्यासाठी अठ्ठावीस वर्षं रोज तुम्हा सगळ्यांना धूर पाजला. माझ्या घरात खोकला येईपर्यंत मला जाग आली नाही, हे घुम्या काल म्हणाला ते खरं आहे."

घुम्या पुढे आला. मला वाटलं मारणार. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

"बाबांनी विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारलं होतं. काटा चढत नाहीये, जाऊ का, म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, जा, वाटेत भरेल."

मग तो वळला, आपल्या गाडीच्या मागे गेला आणि अंगातल्या स्वच्छ गणवेशासकट जमिनीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला. आम्हाला त्याचे फक्त बूट दिसत होते. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला तेल लागलं होतं. हात पुसत तो पायरीवर जाऊन बसला. पाच वाजले, सव्वापाच झाले. बाकीचे एकोणचाळीस जण आपापल्या गाडीपाशी उभे होते. पावणेसहाची गाडी घुम्याचीच होती. पाच चाळीसला त्याने किल्ली फिरवली. इंजिन चालू असताना तो पुन्हा खाली उतरला, पुन्हा गाडीखाली गेला, मग वर जाऊन काट्यासमोर बसला. पावणेसहाला त्याची गाडी फाटकाबाहेर पडली. पुलाचा उतार उतरून ती समोरच्या वळणावर दिसेपर्यंत सगळे फाटकाशी उभे राहून बघत होते.

मग बाकीच्यांनी आपापल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी गाड्या सुरू केल्या.

मी घरी गेलो तेव्हा सात वाजले होते. लेक दारातच बसली होती, तोंडावर बोट ठेवून. मैना आत झोपली होती, उताणी, तोंड उघडं टाकून. लेकीने तिकिटं लगेच परत केली नाहीत. आधी पुढे ढकलली. खोकला एका दिवसात गेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीला वेळ लागतो, औषध चालू ठेवा. पण वहीत एकेक तारीख कोरी राहू लागली, आणि पाऊणएक महिन्याने दाराजवळच्या पिशव्या लेकीने रिकाम्या केल्या. बायकोचा खोकला कमी आहे, गेलेला नाही. तो बहुधा जाणार नाही.

साहेबांनी त्या जुन्या चौकशीबद्दल वर कळवलं. मीच तसा अर्ज दिला होता. काय व्हायचं ते होईल.

घुम्या माझ्याशी बोलत नाही. त्याच्या बायकोने आमच्याकडे येणं बंद केलं. मी समोरून आलो तर तो बाजूने जातो. आणि रोज पहाटे, गाडीत चढायच्या आधी, तो मला न सांगता माझा साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश उचलतो, गाडीखाली शिरतो आणि एकेक जोड स्वतः बघतो. आता बाकीचे ड्रायव्हरही तसंच करायला लागले आहेत. माझ्या शब्दावर आमच्या डेपोतून एकही गाडी निघत नाही. निघूही नये.